मदत हवी आहे : डीएसएलआरचा शटर अडकतोय का?

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यामध्ये १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरला फोटोच्या एका कडेला आडवा काळा पट्टा येतो. फ्लॅश बंदच असतो, त्यामुळे सिंकचा (फ्लॅश आणि शटरची वेळ जुळण्याचा) प्रश्न नाही. १/६० ला फोटो स्वच्छ. लेन्स बदलून पाहिली, बॅटरी पूर्ण चार्ज केली, फरक शून्य. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य) आणि व्हिडिओत पट्टा अजिबात दिसत नाही, म्हणजे सेन्सर ठीक असावा. मला संशय शटरच्या, म्हणजे सेन्सरसमोर उघडझाप करणाऱ्या, पडद्यांचा आहे. एक पडदा मागे रेंगाळत असेल.

या पडद्यांच्या पात्यांवर तेलाचे बारीक डागही दिसतात. ते साफ करून भागेल, की अख्खं शटर युनिटच बदलावं लागेल? बदलल्यावर वेगाचं कॅलिब्रेशन (वेग अचूक जुळवणं) घरी जमतं का? आणि उघडताना फ्लॅशचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुरक्षितपणे कसा डिस्चार्ज करावा? या कॅमेऱ्यावर फार जीव आहे, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.