रंगीत काच, हलणारी अक्षरं आणि 14 हजार रुपये

शाळेतली_बाई (धागाकर्ती)

सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवते, यंदा चौथीचा वर्ग आहे. वर्गात एक मुलगा आहे, इथं त्याला बाळू म्हणू. पाढे तोंडपाठ, तोंडी हिशोबात माझ्या पुढं, गोष्ट सांगायला उभा राहिला की मागचा बाकसुद्धा गप्प. पण पुस्तक उघडलं की 'प्रश्न'चा 'पशन' होतो आणि 'दिवस'चा 'दवस'.

वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. परवा ते फाईल घेऊनच शाळेत आले. बाहेरगावच्या कुणी मंडळींनी एका हॉलमध्ये 'वाचन तपासणी' ठेवली होती. वीस मिनिटांत निदान झालं: मुलाला पांढरा कागद सोसत नाही, म्हणून अक्षरं विस्कटतात. उपाय म्हणजे खास रंगाचा चष्मा, 14 हजार. दरवर्षी रंग पुन्हा जुळवायचा, त्याचे पैसे वेगळे. 2 हजार आगाऊ भरून मोकळे झालेत.

माझं मत सरळ आहे: उरलेले 12 हजार भरू नयेत. तिथं पानावर निळा पारदर्शक कागद ठेवल्यावर बाळू भराभर वाचायला लागला, हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं, मान्य. पण तोच उतारा तो दुसऱ्यांदा वाचत होता! दुसऱ्यांदा मीही भराभर वाचते.

कल्पना जुनी आहे. 1980 मध्ये ऑलिव्ह मिअर्स या न्यूझीलंडच्या शिक्षिकेनं लिहिलं की काही मुलांना अक्षरांपेक्षा मधली पांढरी जागाच जास्त दिसते. 1983 मध्ये अमेरिकेत हेलन अर्लेन यांनी त्याला सिंड्रोमचं रूप दिलं, मग तपासणारे तयार झाले आणि चष्मे आले. 2009 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढून सांगितलं की वाचनाच्या अडचणीवर रंगीत भिंगं चालतात याला पुरावा नाही. 2011 मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी वाचनात मागं असलेली 7 ते 12 वर्षांची 61 मुलं घेतली. अर्लेन पद्धतीच्या तपासनिसानं त्यातल्या 77 टक्के मुलांना सिंड्रोम आहे असं सांगितलं. मग त्या मुलांना 'त्यांच्या' रंगाचा कागद, दुसऱ्याच रंगाचा कागद आणि साधा पारदर्शक कागद ठेवून वाचायला लावलं. फरक शून्य. वर्षभरानं पुन्हा पाहिलं, तरी नाही.

शंभरातली सत्त्याहत्तर मुलं ज्या चाळणीत अडकतात ती चाळण कसली, ती तर परात!

हळदीचा_वास

बाई, तुमचा अभ्यास दांडगा आहे, पण अक्षरं तुमची हलत नाहीत, माझी हलतात.

वय 34, हिशोबनीस. लहानपणापासून ट्यूबलाईटखाली गुळगुळीत पांढरा कागद आला की पाच मिनिटांत ओळी पोहायला लागतात. इरविन पुलावरून पुराचं पाणी बघितल्यावर जसं पूलच सरकतोय असं वाटतं ना, तसं. दहावीला असताना घरचे म्हणायचे, नाटकं करतोय. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करताना एकदा पिवळट प्लास्टिकची फाईल चुकून पुस्तकावर पडली आणि पान थांबलं. थांबलं म्हणजे थांबलं! तेव्हापासून आजपर्यंत पिवळा कागद दप्तरात आहे. खर्च झाला 10 रुपये.

आता स्कॉटलंडच्या 61 पोरांना फरक पडला नाही म्हणून मला पडतो ते खोटं व्हय? जुन्या लाल चोपडीतली पानं पिवळसर असायची, आज्जा दिवसभर त्यात डोकं घालून बसायचा, कधी कपाळ धरून उठला नाही.

शाळेतली_बाई

तुमचं खोटं आहे असं कुठं म्हटलं? तुमचं डोकं दुखायचं थांबलं. पण तुम्हाला वाचता येत होतंच ना? बाळूला येत नाही. 'प्र' म्हणजे अर्धा प आणि पूर्ण र, हे त्याच्या कानाला आणि डोळ्याला अजून जुळलेलं नाही. त्यावर निळा रंग ओतला तर निळा 'पशन' मिळेल.

खवचट_काका

आमच्या वेळी गुरुजींकडं एकच रंग होता, निरगुडीच्या फोकाचा हिरवा. सगळी पोरं पंधरा दिवसांत वाचायला लागायची.

आईची_बाजू

@खवचट_काका, जी वाचायला लागली नाहीत ती शाळा सोडून गेली, म्हणून तुम्हाला आठवत नाहीत.

@शाळेतली_बाई, तुमचा धागा वाचून संताप झाला, म्हणून हात धुऊन लिहायला बसले आहे. माझी मुलगी सहावीत आहे. पहिली ते चौथी मला शाळेतून एकच वाक्य ऐकवलं गेलं: 'लक्ष देत नाही.' कुणी विचारलं नाही की तिला पान कसं दिसतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, बोर्डाच्या परीक्षेला प्रमाणपत्र असेल तर तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, हे मला शाळेनं नाही, एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं. प्रमाणपत्रासाठी किती हेलपाटे घातले ते माझं मला माहीत.

आणि मग एका ठिकाणी कुणीतरी माझ्या पोरीसमोर बसलं, पाच रंगाचे कागद ठेवले आणि विचारलं, 'कुठल्या रंगात बरं वाटतं, बाळ?' ती रडली. मीही रडले. ओव्हरले, म्हणजे पानावर ठेवायचा रंगीत पारदर्शक कागद घेतला, गुलाबी. आता ती स्वतःहून पुस्तक उघडते. तुमच्या एडिनबर्गला हे मोजता आलं का?

ज्यांचा विश्वास नाही त्यांनी घेऊ नये. पण जिथं शाळेनं काही दिलं नाही तिथं दुसऱ्यानं काही दिलं तर त्यावर चिखल उडवू नये. 14 हजार जास्त वाटतात? अबॅकस आणि हस्ताक्षराच्या क्लासला वर्षाला तेवढेच जातात, तेव्हा कुणी पुरावा मागत नाही.

मिरजेचा_चष्मेवाला

ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दुकानात टिंट केलेले, म्हणजे रंगीत काचेचे वाचनाचे चष्मे ठेवत नाही, म्हणजे माझा फायदा-तोटा आधीच सांगून टाकला.

या धाग्यात दोन वेगळी दुखणी एकाच ताटात वाढली गेली आहेत. हळदीचा_वास यांना होतं ते बहुधा पट्ट्यांचं दुखणं. छापील पान अंमळ डोळे किलकिले करून बघा: काळी पट्टी, पांढरी पट्टी, काळी पट्टी. अशा ठराविक रुंदीच्या पट्ट्यांनी काहींच्या डोळ्यांसमोर लाटा, रंग, हालचाल दिसायला लागते. मायग्रेनवाल्यांना जास्त. प्रकाशानं फिट येणाऱ्या काही रुग्णांना नुसत्या पट्ट्या बघूनही झटका येतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड विल्किन्स त्याच अभ्यासातून या विषयाकडं वळले. त्यांचं म्हणणं असं की मेंदूचा दृष्टीचा भाग पट्ट्यांनी गरजेपेक्षा जास्त पेटतो आणि योग्य रंगानं तो ताण हलका होतो. हा सिद्धांत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

पण 1994 ची त्यांची चाचणी मला आवडते, कारण ती प्रामाणिकपणे रचली होती. रंगीत चष्म्याची अडचण अशी की गोळी लपवता येते, रंग कसा लपवणार? त्यांनी एक यंत्र केलं, त्यात पानावरच्या प्रकाशाचा रंग हळूहळू बदलतो आणि डोळा त्याला सरावत जातो, त्यामुळं मुलाला नेमका कोणता रंग निवडला हे सांगता येत नाही. मग प्रत्येकाला दोन चष्मे दिले, एक नेमक्या रंगाचा, दुसरा जरासा चुकलेला. 68 मुलांपासून सुरुवात, रोजनिशी नीट ठेवणारी शेवटी 36 उरली. नेमक्या रंगाच्या दिवसांत डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण कमी नोंदला गेला. मुलं कमी, गळती जास्त, तरी अगदी मोडीत काढण्यासारखं नाही. मात्र त्यात मोजलं ते दुखणं. 'पशन'चा 'प्रश्न' होणं ही निराळी गोष्ट, तिथं मी बाईंच्या बाजूनं.

आता तिसरी गोष्ट, जी कुणीच बोललं नाही. बाळूच्या डोळ्यांची साधी तपासणी झाली आहे का? थेंब घालून? लहान मुलं डोळ्याला ताण देऊन प्लस नंबर झाकून ठेवतात, फळ्यावरचं स्वच्छ वाचतात आणि पुस्तकाशी दमतात. थेंब घातल्याशिवाय तो नंबर पुष्कळदा सापडत नाही. दुसरं, पेनाचं टोक समोरून नाकाकडं आणा आणि बघा दोन्ही डोळे आत वळतात का, की एक मध्येच बाहेर पळतो. पळत असेल तर जवळचं दोन दिसणार, ओळ सुटणार, अक्षर हलणार. त्यावर व्यायाम आहेत. 2008 मध्ये अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर पाहिलं, तेव्हा घरी नुसतं पेन्सिल-नाक करण्यापेक्षा तज्ज्ञासमोर केलेल्या व्यायामानं जास्त गुण आला. (यानं डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता जात नाही, आधीच सांगतो, नाहीतर उद्या माझ्या दुकानासमोर फायली घेऊन रांग लागायची.)

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा नजर तपासली जाते, पण घाईत फक्त लांबचं बघितलं जातं असा माझा अनुभव आहे.

@हळदीचा_वास, मायग्रेन आहे का घरात?

हळदीचा_वास

आईला आहे. मला अर्धं डोकं दुखतं ते ॲसिडिटीनं असं समजत होतो.

मिरजेचा_चष्मेवाला

एकदा डॉक्टरांना दाखवा. मायग्रेनसाठी गुलाबीसर टिंट असतो, एफएल-41 म्हणतात. 1991 मध्ये बर्मिंगहॅमला मायग्रेनच्या 20 मुलांवर पाहिलं होतं, झटके कमी झाले. पण तो वाचन शिकवायचा चष्मा नव्हे. आणि मोबाईलच्या निळ्या प्रकाशाचे चष्मे हा आणखी तिसराच बाजार, 2023 मध्ये कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात 17 चाचण्या पाहून डोळ्यांच्या ताणाला त्यांचा खास उपयोग दिसला नाही. तेही मी ठेवतो, गिऱ्हाईक मागतं म्हणून. आता बोला!

खवचट_काका

सज्जन दुकानदार मिरजेतच भेटतो. सांगलीकरांनी नोंद घ्यावी.

एक गंभीर प्रश्न. हे सगळं इंग्रजी अक्षरांचं झालं. आपल्याकडं तर ओळीवर शिरोरेषा, म्हणजे दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं पान. पट्टी आणखी ठळक नाही का होत?

मिरजेचा_चष्मेवाला

प्रश्न रास्त आहे. मी वर सांगितलेलं सगळं रोमन लिपीतलं, त्यावरून देवनागरीबद्दल बोलणार नाही.

शाळेतली_बाई

आठ दिवसांनी परत आले.

विल्किन्स यांची वाचनवेगाची एक चाचणी आहे: पंधरा सोपे शब्द, प्रत्येक ओळीत तेच पण क्रम बदललेला, अशा दहा ओळी, एक मिनिट वाचायचं. अर्थ लागत नाही, त्यामुळं अंदाजानं पुढं पळता येत नाही. मी मराठीत केली: घर, मी, पण, तो, बघ, ये, आई, दूध, नको, वर, खा, जा, तर, मग, ही. क्रम बदलून सहा कागद काढले. हरभट रोडला सजावटीच्या दुकानातून निळं, पिवळं आणि बिनरंगी जिलेटीन आणलं. वर्गातल्या सगळ्यांनाच वाचायला दिलं, म्हणजे बाळू एकटा पडायला नको.

बाळू पहिल्या दिवशी निळ्यात जास्त वाचला. हॉलमध्ये निळाच 'तुझा रंग' म्हणून सांगितला होता, तो छाती काढूनच बसला होता. दुसऱ्या दिवशी बिनरंगी आधी दिलं आणि निळं नंतर, तेव्हा फरक मावळला. तिसऱ्या दिवशी बिनरंगीत पुढं. चुका मात्र तिन्ही दिवस त्याच जागी: 'दूध'चा 'दुद' आणि 'पण' की 'वण'.

वडिलांना कागद दाखवले. ते हिशोबाचे गृहस्थ, आकडे खाली-वर करून बघितले आणि म्हणाले, 'बाई, माल तोच आहे, पोतं बदललंय.' थेंब घालून तपासणी करून आले, नंबर नाही. 2 हजार परत मिळालेले नाहीत. आता शाळा सुटल्यावर अर्धा तास जोडाक्षर फोडतो: ताटात रांगोळी पसरायची, त्यात अर्धा प, मग र, मोठ्यानं आवाज, मग दोन्ही एकत्र. डिस्लेक्सिया ओळखण्याची, मराठीतही असलेली 'डाली' चाचणी करून घ्यायला सांगितलं आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ती तयार झाली, 2015 मध्ये आली. हिंदी, कानडी आणि इंग्रजीतही आहे.

आणि एक सांगायलाच हवं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, पिवळं जिलेटीन परत द्यायला तयार होईना. म्हणाली, 'बाई, यात ओळी उड्या मारत नाहीत.' चार वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांच्याच ओळी उड्या मारतात असं तिला वाटत होतं. तिच्या वाचनाचा वेग पिवळ्यात फारसा वाढला नाही, पण डोळे चोळणं थांबलं. तिलाही मिरजेला पाठवते आहे. तोवर जिलेटीन तिच्याकडंच.

हळदीचा_वास

ती पोरगी म्हणजे मी. 😀

आईची_बाजू

म्हणजे मी सांगत होते तेच ना? विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. विचारायला चार वर्षं लागली.

शाळेतली_बाई

हो. लागली. त्याबद्दल वाद घालत नाही. पण 14 हजारांबद्दल अजून घालते.

आईची_बाजू

त्या 14 हजारांच्या चष्म्याच्या वाटेला मीही गेले नाही, ओव्हरलेवरच थांबले. मुलीला थेंब घालून कधी तपासलं नाही हे मात्र खरं, सुट्टीत जाऊन येतो.

तो पंधरा शब्दांचा कागद पाठवाल का? सहाही पाठवा. निकाल काय यायचा तो येऊ दे, गुलाबी कागद मी तिच्या हातातून काढून घेणार नाही.