नववीच्या मुलांना बदलाशी जुळवून घेणे शिकवताना सैनिकांचा इतिहास कसा वापरावा?

प्रश्न (इतिहास शिक्षिका, सातारा)

शाळा बदलली, घर बदलले किंवा परीक्षेची पद्धत बदलली की या वयाची मुले फार खचतात, असे मला वर्गात सतत दिसते. म्हणून पहिल्या महायुद्धात आपल्याकडच्या सैनिकांनी परक्या मुलुखात कसे निभावून नेले, हे त्यांच्यापुढे ठेवण्याचा माझा विचार आहे. शौर्यकथा ऐकून मुले टाळ्या वाजवतात, पण त्यावर विचार करीत नाहीत. नेमका कोणता प्रसंग घ्यावा?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, पुणे)

ताई, आजच्या इराकमधील कुत-अल-अमारा या गावाचा वेढा घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांची सहावी पूना डिव्हिजन (ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची तुकडी) तैग्रिस नदीच्या वळणात तुर्की सैन्याने कोंडून धरली होती आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्नसाठा आटू लागल्यावर घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. भारतीय सैनिकांपैकी बहुतेकांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवण्यात आली, तरीही कित्येकांचे मन वळेना, कारण गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील ही धास्ती भुकेपेक्षा मोठी होती. हिरड्या सुजू लागल्या, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) पसरली, जवान रानातला पाला खुडून शिजवू लागले. एप्रिलमध्ये मात्र अनेकांनी मांस स्वीकारले. संमतीची तार आली इथपर्यंत सांगून थांबावे आणि प्रत्येक मुलाला त्या जवानाच्या जागी बसून घरी पत्र लिहायला सांगावे. कोणते पत्र बरोबर, हा निवाडा शिक्षकाने देऊ नये.

उत्तर (माजी सैनिक, खडकी)

सरांचा प्रसंग उत्तम आहे. त्याला फ्रान्समधील १९१४ च्या हिवाळ्याची जोड द्यावी. खंदकांच्या लढाईत हातबॉम्बची टंचाई होती, तेव्हा जॅमच्या रिकाम्या डब्यांपासून ते तिथेच तयार केले गेले. बांधकाम, सुरुंग आणि पूल हे ज्यांचे काम, त्या खडकीच्या सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेलच्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळ म्हणून लढल्या आणि त्यांची जबर हानी झाली. जे शिकलो नाही ते काम अंगावर आले तर काय करायचे, हा प्रश्न मुलांना आपला वाटेल.

उत्तर (शालेय समुपदेशक, नाशिक)

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. या जवानांना तिथून निघून जाण्याची मुभा नव्हती आणि शरणागतीनंतर कुतचे हजारो युद्धकैदी वाळवंटातील पायपिटीत व बंदिवासात दगावले, हे मुलांपासून लपवू नये. ते वगळले तर जे वाट्याला येईल ते निमूट सोसावे, असा चुकीचा अर्थ मुले काढतील. आणि घरी किंवा शाळेत छळ सोसणारे एखादे मूल त्याच वर्गात बसलेले असते. म्हणून पत्रलेखनानंतर त्याच तासाला दुसरा प्रश्न विचारावा : कोणत्या परिस्थितीशी जुळवून घ्यायचे आणि कोणती मोठ्यांना सांगून बदलून घ्यायची? उत्तरे नावाशिवाय चिठ्ठीवर घ्यावीत, म्हणजे मुले मोकळेपणाने लिहितील.