वाळवंटात हिरे नुसते वाळूवर पडलेले? कोलमान्सकोपबद्दल विचारायचंय

उनाडपाखरू:
मंडळी, नामिबियातल्या कोलमान्सकोपचे फोटो बहुतेकांनी बघितले असतील, रंग उडालेल्या भिंती आणि दारातून आत आलेली कमरेएवढी वाळू. काल रात्री त्यावर वाचत बसलो आणि एका जागी अडकलो. म्हणे सुरुवातीला हिरे खणायला लागलेच नाहीत, माणसं रांगत रांगत हाताने वेचायची. हे कसं काय बुवा? हिरा म्हटलं की खोल खाण आणि कठीण खडक हेच डोक्यात बसलेलं. आणि इतकं घबाड होतं तर गाव ओस का पडलं, हिरे संपले की वाळूने गिळलं?

दगडधोंडे:
थाप नाहीये, खरंच वेचायचे. कारण ते हिरे मुळात तिथले नाहीतच, पाहुणे आहेत. दक्षिण आफ्रिकेत आतल्या बाजूला, किंबरली वगैरे भागात किंबरलाइटचे पाइप आहेत (म्हणजे जमिनीच्या पोटातून हिरे वर घेऊन आलेल्या ज्वालामुखी खडकाच्या उभ्या नळ्या), ते कोट्यवधी वर्षं झिजत गेले आणि त्यातले हिरे ऑरेंज नदीने वाहून अटलांटिकमध्ये नेऊन टाकले. तिथे लाटा नैऋत्येकडून येतात, त्यांनी ते किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला सरकवले. म्हणून नदीच्या मुखाजवळ मोठे हिरे आणि जसजसं उत्तरेला जाल तसतसे बारीक. आणि एवढ्या प्रवासात तडे गेलेले कच्चे खडे फुटून संपले, उरले ते दागिन्याच्या दर्जाचे.

आता वेचण्याचं. तिथे दक्षिणेकडून सोसाट्याचा वारा असतो. खळ्यावर धान्य उफणतात बघा, भुसकट उडतं आणि दाणे खाली पडतात, अगदी तेच. साध्या वाळूची घनता २.६५ च्या आसपास, हिऱ्याची ३.५. वाऱ्याने हलकी वाळू उडवून नेली आणि दोन टेकड्यांमधल्या सखल भागात खडी आणि हिरे मागे राहिले. पाऊस जवळपास नाहीच, कारण किनाऱ्यालगत बेंग्वेलाचा थंड प्रवाह, त्याने धुकं येतं पण ढग काही बरसत नाहीत. त्यामुळे धुऊन न्यायलाही कोणी नाही. सगळं उघड्यावर.

जुनीपानं:
दगडधोंडेंनी भूगोल मस्त सांगितला, इतिहास मी सांगतो. नामिबिया तेव्हा जर्मनांची वसाहत. कोलमान्सकोपजवळच्या ल्युडेरिट्झ बंदरातून आत जाणारी रेल्वे होती, तिच्यावर सतत वाळू चढायची आणि ती उपसायला माणसं ठेवलेली. एप्रिल १९०८ मध्ये झकारियस लेवाला नावाच्या मजुराला वाळू उपसताना एक चमकता खडा दिसला. तो आधी किंबरलीला काम करून आलेला, त्यामुळे हातात काय आलंय हे त्याला बरोब्बर कळलं. त्याने तो साहेबाला, ऑगस्ट स्टाउखला दाखवला. हा स्टाउख दम्याचा पेशंट, कोरडी हवा मानवेल म्हणून या वाळवंटात आलेला. त्याने गुपचूप जागेचे हक्क घेतले, नोकरी सोडली आणि गडगंज झाला. लेवालाला काहीही मिळालं नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच खुपतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मन सरकारने ऑरेंज नदीपासून उत्तरेला प्रचंड मोठा पट्टा बंद करून टाकला, श्पेरगेबीट म्हणजे निषिद्ध क्षेत्र. आणि कोलमान्सकोपमध्ये जर्मन लोकांनी थाट काय केला! नाचगाण्याचा हॉल, बोलिंगची गल्ली, हॉस्पिटलात एक्स-रे मशीन, बर्फाचा कारखाना. पिण्याचं पाणी केपटाऊनहून जहाजाने यायचं आणि घरोघरी रोज बर्फाची लादी पोचायची, तेही भर वाळवंटात! उत्तरेकडून आणलेले ओवांबो जमातीचे कंत्राटी मजूर मात्र वेगळे, बराकीत.

काळीशाई:
एक गोष्ट राहिली, ती बोललीच पाहिजे. ती रेल्वे कोणी बांधली? तिथल्याच हेरेरो आणि नामा लोकांचा १९०४ ते १९०८ मध्ये जर्मनांनी वंशसंहार केला, त्यातले कैदी ल्युडेरिट्झच्या शार्क आयलंडवरच्या छळछावणीत होते, आणि त्यांना जुंपून रूळ टाकून घेतले, कितीतरी जण त्यातच मेले. म्हणजे लेवाला ज्या रुळांवरची वाळू उपसत होता ना, ते रूळ हे असे. बर्फाच्या लादीचं कौतुक वाचताना मला हेच आठवत राहतं.

दगडधोंडे:
बरोबर आहे तुमचं, मी दगडांच्या नादात माणसं विसरलो.

ओस का पडलं ते सांगायचं राहिलं. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने हा मुलूख जिंकला, १९२० मध्ये खाणी एका नव्या बड्या कंपनीकडे गेल्या, आणि १९२८ च्या सुमारास ऑरेंजच्या मुखाजवळ कितीतरी मोठे साठे सापडले. मग इथले बारीक खडे कोण वेचत बसणार? माणसं, यंत्रं सगळं हळूहळू दक्षिणेला गेलं, १९४३ मध्ये कंपनीचं मुख्यालयही त्या मुखाजवळच्या ओरांजेमुंड गावाला हललं आणि १९५६ पर्यंत शेवटचे लोक निघून गेले. वाळूने गाव गिळलं ते नंतर. राहणारे होते तोवर रोज झाडून काढत असणार, झाडणारं कोणी उरलं नाही एवढंच.

उनाडपाखरू:
बाप रे, एका प्रश्नात एवढं निघालं. सगळ्यांना धन्यवाद, काळीशाई तुम्हाला विशेष, मी जे वाचत होतो त्यात छावणीचं अवाक्षर नव्हतं. आता एक बावळट शंका, समजा गेलो कधी फिरायला, तर वाळूत नजर टाकायला हरकत नाही ना?

जुनीपानं:
नजर टाका खुशाल, परमिट काढून आत सोडतात. फक्त काही उचलू नका, तिथे कच्चा हिरा परवान्याशिवाय जवळ ठेवणं आजही गुन्हा आहे. आणि सकाळीच जा, दुपारी वारा सुटला की बुटात, कॅमेऱ्यात, दातात सगळीकडे वाळू.