कूलंट अन बोअरचं पाणी
ऑइल वेळेवर बदललं की इंजिनकडं पाहाची गरज नाही असं काही जण म्हणतात, मले अर्धंच पटलं भाऊ. पण आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, तवा गाडीचा जीव कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) असते अन तेच कोणी पाहत नाही. मी दोन वर्षं कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी टाकत होतो (फुकटचं ना!), ते जड पाणी, आत क्षाराचे थर बसले अन हिंगणघाटच्या अलीकडं भर दुपारी इंजिनच्या गरमीचा काटा लाल. मिस्त्रीनं उघडलं तर रेडिएटरच्या (कूलंट थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्या अर्ध्या बंद, वरून जाळीत कापसाचे पुंजके, जिनिंगच्या रस्त्यानंच येणं-जाणं आपलं.

आता कूलंट अन डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. जाळी साध्या पाइपानं धुतो, प्रेशरनं मारलं तर जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात. अन गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका बापा, माझ्या हातावर डाग हाय अजून.