उद्या उमेदवारांना नेमकं काय विचारायचं? (सोसायटी ग्रुप, शनिवार १० जानेवारी २०२६, बिबवेवाडी, पुणे)

सेक्रेटरी पाटील: नमस्कार मंडळी. उद्या सकाळी ११ वाजता क्लब हाऊसमध्ये महापालिका निवडणुकीचे आपल्या प्रभागातले उमेदवार येणार आहेत. सगळ्या पक्षांना आणि अपक्षांना सारखंच बोलावलंय, प्रत्येकाला ८ मिनिटं. ग्रुपवर पक्षाचं नाव, चिन्ह, फॉरवर्ड टाकू नका. प्रश्न इथेच लिहा, रात्री प्रिंट काढतो.

शिंदेकाकू (बी-७०४): पहिला प्रश्न माझा. यांचा महापौर बसला की चेन ओढणारे आणि कोयते घेऊन फिरणारी पोरं किती दिवसांत बंद होणार?

ओंकार (सी-१०२): महापौराचं बटण वेगळं असतं ना? उमेदवार कोण आहे?

ॲड. मुळेताई (ए-५०१): नाही रे. डिसेंबरमध्ये नगरपालिकांचे नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडले, त्यामुळे सगळ्यांचा हाच समज झालाय. महापालिकेत आपण नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक महापौर. मुदत अडीच वर्षं. पद कोणत्या प्रवर्गासाठी, ते सोडतीनं ठरतं आणि ती सोडत अजून निघालेलीच नाही. म्हणजे आज "मी महापौर होणार" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्यायचं.

काकू, दुसरं असं की पोलीस महापालिकेकडे नाहीत. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था हे राज्यसूचीतले विषय. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं पालिकांसाठी १८ विषयांची यादी दिली, त्यात पोलीस नाहीत. पुण्याचे पोलीस आयुक्त गृहखात्याला उत्तर देतात, महापौराला नाही. २०२४ मध्ये आंबेगाव, बाणेर, खराडी, वाघोली वगैरे सात नवी पोलीस ठाणी झाली, तीही राज्याच्या मंजुरीनं.

शिंदेकाकू: मग गुन्हेगारीवर विचारायचंच नाही की काय? बॅनर तर सगळ्यांनी तेच लावलेत.

देशपांडेकाका (डी-३०३): विचारायचं, पण पालिकेच्या हातात आहे तेवढंच. उदाहरणार्थ दिवे. रस्त्यावरच्या दिव्यांना थ्री फेज पुरवठा असतो आणि खांब आळीपाळीनं तीन फेजवर टाकलेले असतात. एकच दिवा गेला असेल तर बहुधा त्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज देणारं आतलं सर्किट) उडालाय. ओळीनं दर तिसरा दिवा बंद असेल तर एक फेज गेली, म्हणजे फीडर पिलरमध्ये (रस्त्याकडेची वीजपेटी) फ्यूज तरी उडालाय किंवा केबलची एक तार तुटलीय. सगळी रांगच बंद असेल तर टायमर, कॉन्टॅक्टर (सगळी रांग चालू-बंद करणारा स्विच) नाहीतर मुख्य केबल. आणि दिवसाढवळ्या दिवे चालू दिसले तर टायमरचं घड्याळ चुकलंय.

तक्रारीत "आमच्या इथे अंधार आहे" लिहिलं की माणूस येतो, एक दिवा बदलतो, तक्रार बंद करतो. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो लिहा. दर तिसरा बंद आहे हेही लिहा. मग शिडीवाला येण्याऐवजी केबलवाला येतो.

फरहान (सी-४०४): पण दिवे लावून महिना होत नाही तोच परत जातात, त्याचं काय?

देशपांडेकाका: खोदाई. ड्रेनेजवाला किंवा इंटरनेटच्या केबलवाला जेसीबी लावतो, दिव्याची केबल तुटते, तो टेप गुंडाळून माती लोटतो. पहिल्या पावसात सांध्यात पाणी जातं आणि फेज उडते. खोदाईची परवानगी पथ विभाग देतो, दिवे विद्युत विभागाचे, आणि दोघं एकमेकांना कळवत नाहीत. म्हणून उमेदवाराला असं विचारा, की खोदाईचा चर बुजवण्याआधी विद्युत विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यानं पाहून सही केल्याशिवाय ठेकेदाराची अनामत सोडायची नाही, असा नियम प्रभाग समितीत मांडाल का? हे नगरसेवकाला जमण्यासारखं आहे.

गायकवाड सर (ए-२०२): पबचंही घ्या. १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर (पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव गेला) सगळे पब-पब करत होते, पण कोणाकडे काय आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. खाद्यपदार्थांचा एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन). पालिकेकडे काय? टेरेसवरचं पत्र्याचं शेड आणि इमारतीच्या साइड मार्जिनमध्ये (बाजूला मोकळी सोडायची जागा) मांडलेली टेबलं. ते बांधकाम विभागाचं काम आणि तेवढं पाडायला पालिकेला कुणाची परवानगी लागत नाही. त्या वेळी पाडलंच होतं. अपघाताआधी का नाही, एवढंच विचारायचं.

शिंदेकाकू: सर हे लिहून घेतलं. आणि ज्यांच्यावर स्वतःवरच गुन्हे आहेत त्यांना काय विचारणार?

ॲड. मुळेताई: त्यांचं शपथपत्र वाचायचं. गोषवारा मतदान केंद्राबाहेर लावलेला असतो, पण तिथे रांगेत उभं राहून कोण वाचणार. आधीच वेबसाइटवरून काढा. आकड्यावर जाऊ नका, कलमं बघा. कुणावर ७ गुन्हे असतील आणि सगळे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ चे (आता भारतीय न्याय संहितेत २२३) असतील तर ती आंदोलनं आहेत, जमावबंदी मोडल्याची. ३५३ म्हणजे आता १३२, सरकारी नोकराला मारहाण किंवा बळ वापरणं. यात खरंही असतं आणि टेबलावर हात आपटल्याचंही असतं, म्हणून तपशील वाचा. पण ३०७ (आता १०९, खुनाचा प्रयत्न), ३८४ ते ३८९ (आता ३०८, खंडणी) किंवा मोक्का दिसला तर एकच गुन्हा असला तरी थांबा. "आरोप निश्चित झाले का" हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नुसता गुन्हा दाखल होणं आणि कोर्टानं आरोप निश्चित करणं यात फरक आहे.

गुन्हे असलेल्याच्या नात्यातल्या माणसाला तिकीट दिलं असेल तर शपथपत्र कोरं करकरीत असतं. ते कागदावरून कळत नाही, गल्लीत विचारावं लागतं.

ओंकार: आपल्या गेटचे कॅमेरे पोलिसांना लिंक करा म्हणून मागणी करायची का?

देशपांडेकाका: आधी आपलं बघ. ८ कॅमेरे, २ मेगापिक्सेल, साधारण २ एमबीपीएसनं रेकॉर्डिंग म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाला २१ जीबीच्या आसपास. ४ टीबीची डिस्क २३ दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. पोलीस महिन्यानं मागायला आले तर हातात काही नाही. डीव्हीआरचं घड्याळही दर महिन्याला जुळवा, १२ मिनिटं पुढे असलेलं फुटेज कोर्टात डोकेदुखी होतं.

ॲड. मुळेताई: आणि फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड). पूर्वीचं ६५ब. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप पुरावा म्हणून टिकेल असं धरू नका. पाटीलसाहेब, हे उमेदवारांसाठी नाही, आपल्या कमिटीसाठी 🙏

सेक्रेटरी पाटील: नोंद घेतली. शाळांवर कोण बोलतंय?

फरहान: खासगी शाळांची फी. दरवर्षी वाढ. यावर नगरसेवकानं काय ते बोललंच पाहिजे.

गायकवाड सर: बोलेल, टाळ्या घेईल, पण अधिकार शून्य. फी २०११ च्या फी नियमन कायद्यानं चालते. शाळेच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती प्रस्ताव मंजूर किंवा नामंजूर करते. त्या समितीतले पालक सोडतीनं निवडले जातात, त्या सोडतीला हजर राहा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विभागीय समितीकडे तक्रार करायला २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात, एकट्यादुकट्याचं काम नाही. आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याचे) २५ टक्के प्रवेशही राज्याच्या ऑनलाइन सोडतीनं होतात, नगरसेवकाच्या चिठ्ठीनं नाही. "ॲडमिशन करून देतो" म्हणणारा भेटला तर तोच एक गुन्हेगारीचा प्रश्न समजा.

पालिकेच्या हातात पालिकेच्या शाळा आहेत. शिक्षक पवित्र पोर्टलमधून (राज्याची शिक्षकभरतीची वेबसाइट) येतात, तो राज्याचा मामला. पण इमारत, स्वच्छतागृह, पाणी, सुरक्षारक्षक, कुंपण हे सगळं पालिकेचं. आरटीईच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला, आणि स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या सदस्याचीही जागा असते. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक आहे. म्हणजे जवळपास चार वर्षं त्या खुर्चीवर बसायला कुणी नगरसेवकच नव्हता. उमेदवाराला शाळांची नावं विचारा. प्रभागातल्या पालिकेच्या शाळा किती आणि कुठल्या माध्यमाच्या, हे ज्याला पाठ नाही त्यानं शिक्षणावर ८ मिनिटं घालवू नयेत.

ॲड. मुळेताई: सर, याहून मोठी गोष्ट राहिली. शाळेची आरक्षणं, म्हणजे विकास आराखड्यात शाळेसाठी राखून ठेवलेल्या जागा. लांब लिहिते, पण वाचा.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा राज्यानं जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं आणि जमीन मोकळी. हिशेब करा. १० वर्षं जानेवारी २०२७ मध्ये भरतात. त्यात २४ महिने मिळवले तर २०२९. हे सगळं आपण गुरुवारी निवडणार त्याच सभागृहाच्या मुदतीत. आरक्षण १९८७ च्या आराखड्यापासून चालत आलेलं असेल तर नोटीस आधीच पडलेली असू शकते, तेही तपासायला हवं.

"पावलं" म्हणजे नुसता ठराव नव्हे. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केलंय, भूसंपादनाची घोषणा निघायला हवी. पालिकेनं मुख्य सभेत (सगळ्या नगरसेवकांच्या सभेत) ठराव करायचा, फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची आणि फाइल तिथे पडून राहायची, असं झालं की जागा गेली.

फरहान: आणि मुद्दाम पडू दिली तर?

ॲड. मुळेताई: मी काही म्हटलं नाही. दुसरा रस्ता कलम ३७ चा. मुख्य सभा ठराव करून आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव देते, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी, मग राज्याकडे मंजुरीला. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात जाहीर सूचना येते. सर्व्हे नंबर ओळखू आला नाही तर महिना निघून जातो. म्हणून उद्या विचारायचं, "आमच्या प्रभागातलं शाळेचं, मैदानाचं, दवाखान्याचं आरक्षण बदलायचा प्रस्ताव आला तर मत देण्याआधी इथे येऊन सांगणार का?" हो म्हटलं तर मिनिट्समध्ये लिहून सही घ्या.

देशपांडेकाका: ताई बरोबर आहेत. पण पैसा? जमीन घ्यायचे मार्ग रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जादा बांधकाम). टीडीआरचा भाव पडलेला असला की मालक रोख मागतो आणि पालिकेकडे रोख नसते. कात्रज-कोंढवा रस्ता आपल्या डोळ्यांसमोर आहे. ८४ मीटरचा आखला, जमीन मिळेना म्हणून ५० मीटरवर आणला, तरी वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यात. डांबर पैशानं मिळतं हो, जागा मिळत नाही. विकासावर कुणी फ्लायओव्हरचं चित्र दाखवलं की पहिला प्रश्न, "जागा किती टक्के ताब्यात आहे?" ताब्यात नसताना वर्क ऑर्डर काढली की ठेकेदार थांबतो, मुदतवाढ मागतो आणि भाववाढही मागतो.

ओंकार: पण महापौर ठरवेल ना हे सगळं?

गायकवाड सर: महापौर मुख्य सभा चालवतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य नेमतं. पैशाची चावी स्थायी समितीकडे. १६ सदस्य, दरवर्षी निम्मे निवृत्त. मोठ्या निविदा तिथे मंजूर होतात. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, ते प्रशासकानंच मांडलं आणि प्रशासकानंच मंजूर केलं. आता परत 'स' यादी सुरू होईल.

शिंदेकाकू: 'स' यादी म्हणजे?

देशपांडेकाका: नगरसेवकानं प्रभागासाठी सुचवलेली कामं. बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या, चांगल्या फुटपाथवर परत पेव्हर ब्लॉक. वर्षअखेरीला वर्गीकरण होतं, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे. ड्रेनेजचा पैसा कमानीला गेलेला असाच सापडतो. वर्गीकरणाचे प्रस्ताव स्थायीच्या कार्यपत्रिकेवर असतात, दर आठवड्याला बघणारा एक माणूस सोसायटीत हवा. नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात आपणही ५ लाखांपर्यंतचं काम सुचवू शकतो, २००६ पासून ती सोय आहे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात. फेब्रुवारीत आठवण होऊन उपयोग नाही.

सी-५०३: हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

सेक्रेटरी पाटील: धन्यवाद, पक्षाचं पोस्टर स्वतःहून काढल्याबद्दल.

गुरुवारी १५ ला मतदान, ७.३० ते ५.३०. चार जागा, अ ब क ड, चार मतं. एक बटण दाबून निघू नका, चारही दाबल्याशिवाय शेवटची बीप येत नाही. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर तिथे नोटा दाबा. यादी १ जुलै २०२५ ची वापरलीय, त्यानंतर नोंदणी झालेल्यांची नावं नसतील, केंद्रावर वाद घालून ती मिळणार नाहीत. नावापुढे दोन तारे (**) असतील तर दुबार नावाची शंका आहे, ओळखपत्र घेऊन वेळेवर जा, हमीपत्र द्यावं लागेल. मोबाइल घरी.

शिंदेकाकू: पाटीलसाहेब, माझा पहिला प्रश्न खोडा. असा लिहा. "चौकापासून गणपती मंदिरापर्यंत दर तिसरा दिवा बंद आहे. केबल कुणी तोडली आणि त्याची अनामत कुणी सोडली?"

देशपांडेकाका: काकू, खांबाचे नंबर?

शिंदेकाकू: दूध आणायला खाली जातेय, टॉर्च घेतलाय.