मदत हवी आहे: स्फेरूल म्हणजे नक्की काय?

घाईतला_बाबा
कुणी नीट सांगेल का? शोधलं की कुठे मंगळ येतो, कुठे डोळा, कुठे फुप्फुस. डोकं उठलंय. परवा द्यायचंय, प्लीज लवकर.

दगडधोंडे
विषय कुठला ते तरी लिहा. ढोबळ अर्थ बारीक गोलक, बहुतेक मिलिमीटरच्या आतला. भूशास्त्रात म्हणाल तर अशनी आदळला की वितळलेल्या खडकाचे थेंब उडतात आणि हवेतच गोठतात, ते. आपल्या लोणारला सापडलेत. मेक्सिकोतल्या चिक्शुलुबच्या आघाताचे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात मिळतात.

डॉ_काकू
बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आलंय का? कॉक्सिडिऑइडीस बुरशीच्या बीजाणूंनी भरलेल्या गोल पिशव्यांना स्फेरूल म्हणतात. ही बुरशी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना-कॅलिफोर्नियाकडच्या मातीत असते, फुप्फुसात जाते. पेशंट तिकडे जाऊन आलाय का? वय किती?

घाईतला_बाबा
काकू, घरात सगळे ठणठणीत आहेत! लेकीचा शाळेचा प्रकल्प आहे. गच्चीवरची धूळ चुंबकाने गोळा केली, मायक्रोस्कोपखाली काळे चकचकीत गोळे दिसले. अंतराळातलेच ना?

लालग्रह
मंगळावर ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला २००४ मध्ये असेच गोळे दिसले होते, 'ब्लूबेरी' म्हणतात त्यांना. हेमटाइट या लोहखनिजाचे, पाण्यामुळे खडकात तयार झालेले. आघाताशी संबंध नाही.

वर्कशॉपवाले_नाना
मंगळ राहू द्या. शेजारी वेल्डिंग, ग्राइंडर काही चालतं का? ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंबच. आमच्या शॉपमधला केर चुंबकाला लावा, असले गोळे मूठभर निघतील.

दगडधोंडे
नाना, सगळंच वेल्डिंग नसतं. १८७२-७६ च्या चॅलेंजर जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेत खोल समुद्राच्या गाळात मिळालेले गोळे अंतराळातलेच होते. नॉर्वेच्या यॉन लार्सन या हौशी संशोधकाने तर शहरातल्या छपरांवरून शोधून दाखवले.

वर्कशॉपवाले_नाना
त्यांच्या छपरावर दिवाळीचे फटाके पडतात का?

भटकी_सई
लोणार निघालं म्हणून, २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं ते शेवाळामुळे ना?

दगडधोंडे
नाही, हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे. पण धागा तो नाही. बाबा, नानांच्या प्रश्नाचं उत्तर द्या आधी.

घाईतला_बाबा
खाली ग्रिलवाला आहे. दिवसभर ठिणग्या. पण फॉर्मवर 'अंतराळातील धूळ' असा विषय लिहून दिलाय, आता काय करू?

दगडधोंडे
मग बहुतेक ग्रिलवाल्याचेच. गुळगुळीत, नुसत्या लोखंडाचे गोळे असतील तर संशय धरायचा. अंतराळातल्यांत बहुसंख्य दगडी असतात, पृष्ठभागावर पट्ट्यांची किंवा झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते. तरी खात्री इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि रासायनिक तपासणीशिवाय नाही. लेकीला ग्रिलवाल्याच्या दारातली धूळ आणि लांबच्या एखाद्या गच्चीवरची धूळ शेजारी ठेवून मोजू दे. प्रकल्प तोच होईल.

वर्कशॉपवाले_नाना
चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. नाहीतर चुरा सोडवताना परवा उजाडेल.