तुरीच्या भरडाईवर सूट देऊनही गिऱ्हाईक का येत नाही?

प्रश्न: डाळ मिल चालक, दारव्हा तालुका
नमस्कार. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल मी गावात दोन वर्षांपासून चालवतो आणि किलोमागे ८ रुपये भरडाई घेऊन तुरीची डाळ करून देतो. यंदा तूर घरात येताच मी पाच गावांत पत्रके वाटली. ५० किलो किंवा त्याहून अधिक तूर आणणाऱ्यास १० टक्के सूट, त्यासाठी पत्रकामागचा अर्ज भरून आणावा आणि सवलतीची रक्कम पुढील भरडाईत वळती होईल, असे त्यात लिहिले होते. महिना उलटला, तरी पत्रक घेऊन मोजून सात जण आले. सूट १५ टक्के करावी का?

उत्तर: कृषी सेवा केंद्र चालक, मेहकर
भाऊ, आधी ही सूट गिऱ्हाइकाच्या हातात किती पडते ते पाहा. ५० किलोंची भरडाई ४०० रुपये, त्यावर सूट ४० रुपये, आणि तीही बहुधा पुढच्या वर्षी, कारण घरची डाळ लोक वर्षातून एकदाच करतात. तेवढ्यासाठी अर्ज भरायचा, पत्रक जपायचे आणि तूर पोचवायला एक, डाळ आणायला दुसरी अशा ऑटोच्या दोन फेऱ्या करायच्या. आणखी २० रुपयांनी हा खटाटोप कमी होणार नाही. माझ्या दुकानात बियाण्यावरच्या कूपनचे असेच झाले होते. कूपन घरी विसरलेला शेतकरी "पुढच्या वेळी आणतो" म्हणून जाई आणि पेरणीच्या घाईत ती पुढची वेळ येतच नसे. शेवटी मी कूपन बंद करून सवलत बिलातच कापू लागलो. अर्ज फोन नंबरासाठी असेल, तर तो तूर मोजताना वहीत लिहून घ्या.

उत्तर: बचत गटातील सदस्य, आर्वी तालुका
दादा, मला ५० किलोंची अट सर्वांत जास्त खटकली. तुरीच्या सोंगणीला जाणाऱ्या बायकांना आमच्याकडे पुष्कळदा मजुरीत तूरच मिळते आणि ती दोन-चार पायल्याच असते. डाळ कुठे करायची हे घरात त्याच ठरवतात, म्हणून पाटीवर टक्क्यांऐवजी पायलीचा दर लिहा.

तुरीला तेलपाणी लावून उन्हात वाळवल्याशिवाय डाळ नीट सुटत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला थांबावे लागणारच. पण तो काळ बाजाराच्या दिवसांशी जुळवता येतो. आमचा गट आठवडी बाजारात मिरची-हळदीचे दळण घेतो आणि पुढच्या बाजारी परत देतो. बाई भाजीला येतेच, त्यामुळे तिला वेगळी फेरी पडत नाही. वजन तिच्यासमोर करतो, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर एकच आकडा दोनदा लिहून ती मधोमध फाडतो, अर्धी पिशवीच्या तोंडाशी सुतळीने बांधतो आणि अर्धी तिच्या हाती देतो. वाचता न येणाऱ्या बाईलाही फाटलेल्या कडा जुळवून आपली पिशवी ओळखता येते.

आणि चुनी, म्हणजे भरडताना निघणारा डाळीचा चुरा, कोणाची, हेही लिहाच. ज्यांच्या दारात म्हैस आहे, ते पहिल्यांदा हेच विचारतील.

उत्तर: निवृत्त शिक्षक, वाशीम
वरील सल्ले मला पटले, मात्र होकार सोपा करताना अटी झाकल्या जाऊ नयेत. अनेकांची थोडी थोडी तूर एकत्र भरडणार असाल, तर प्रत्येकाला स्वतःच्याच तुरीची डाळ मिळणार नाही, हे तूर घेतानाच सांगावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. एका दुकानाने मला "मोफत दुरुस्ती" सांगून सुट्या भागांचे पैसे लावले होते. त्यानंतर मी तिथे गेलो नाही आणि शेजाऱ्यांनाही जाऊ दिले नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. पत्रके मी पारावर आणि पानठेल्यावरच वाटली होती. बायकांपर्यंत ती पोचलीच नसणार. अर्ज आणि वजनाची अट आजच काढतो, चुनी तर मी परत देतोच, पण तसे कुठे लिहिले नव्हते. ताई, एक अडचण आहे. आमच्या पाच गावांत पायलीचे माप सारखे नाही.

उत्तर: बचत गटातील सदस्य, आर्वी तालुका
मग माझे पायलीचे म्हणणे सोडा आणि काट्याप्रमाणे किलोच लिहा. १० टक्के सूट धरून ५ किलोचे ३६ रुपये होतात, ते ३५ ठेवा म्हणजे सुट्या रुपयासाठी कोणी अडणार नाही. "५ किलो तूर, भरडाई ३५ रुपये, चुनी परत, डाळ पुढच्या बाजारी", एवढेच पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि पाटी भाजीवाल्यांच्या रांगेजवळ लावा.